पन्हाळ्याला मुक्कामाला या

रविवारी अकराच्या पुढे वाघबीळ सोडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की गाड्यांची रांग सुरू होते. नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडायची, तीन दरवाजा आणि सज्जा कोठी उरकायची, फोटो काढायचे, झुणका-भाकरी खायची आणि ऊन कलायच्या आत जोतिबाच्या वाटेला लागायचं. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांचा क्रम तर ठरूनच गेलेला आहे. कोल्हापूरची अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा आणि जमलं तर नरसोबाची वाडी, सगळं एका दिवसात. या धावपळीत पन्हाळ्याच्या वाट्याला जेमतेम तीन तास येतात. त्यात गडाचं नुकसान आहे, गावाचं आहे आणि येणाऱ्याचं तर आहेच.

पन्हाळा हे राज्यातल्या अगदी छोट्या नगरपरिषदांपैकी एक. गडावरची कायमची वस्ती तीन-साडेतीन हजारांची. एवढ्याशा गावाने शनिवार-रविवारी येणाऱ्या गर्दीच्या गाड्या, कचरा, पाणी आणि स्वच्छतागृहं सांभाळायची. तीन तासांचा पाहुणा नाक्यावरची पावती आणि एक जेवण एवढाच पैसा मागे ठेवतो. बाकी राहतात बाटल्या आणि पत्रावळ्या. दोन रात्री राहणारा मात्र खोलीचं भाडं देतो, सकाळी दूध-चहा घेतो, दुपारी कुणाच्या तरी चुलीवरची भाकरी खातो, वाट दाखवणाऱ्या पोराला दिवसाची मजुरी देतो. त्याची गाडी दिवसभर एका जागी उभी राहते, हा फायदा वेगळाच.

खरं तर हा गड मुक्कामासाठीच बांधलेला आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून इथे राज्यकर्ते राहत आले. ताराराणींनी इथून कारभार हाकला, आणि 1782 मध्ये राजधानी कोल्हापूरला हलेपर्यंत करवीरचा दरबार गडावरच होता. कविवर्य मोरोपंतांचा जन्मही इथलाच. अंबरखान्यापाशी जरा वेळ थांबावं. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्या धान्यकोठारांची नावं. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असं सांगतात. आत शिरलं की भर उन्हाळ्यातही गारवा लागतो आणि मान वर केली की धान्य ओतायला ठेवलेल्या छतातल्या झरोक्यांतून उजेडाचे कवडसे खाली आलेले दिसतात. तिकडे अंधारबावीत खाली पाणी आणि वर पाण्यावर पहारा ठेवण्याची सोय. 1660 मध्ये सिद्दी जौहरने मार्च ते जुलै गडाला वेढा घातला. शिवाजी महाराज चार महिने आत होते, ते या कोठारांच्या आणि पाण्याच्या भरवशावर. किती तोंडं, किती दिवस, किती धान्य, किती पाणी, हा हिशेब इथे दगडात बांधून ठेवलेला आहे.

आज तो हिशेब कुणी मांडत नाही. एका रविवारी गडावर किती गाड्या मावतात, हे कुठे ठरलेलं नाही. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला आणि गाड्यांची वाहतूक कित्येक महिने बंद राहिली. डोंगराने दिलेला तो इशारा होता. रस्ता दुरुस्त झाला आणि रांगा पुन्हा पहिल्यासारख्या लागल्या.

मुक्काम केला तर काय काय हाताशी येतं ते पाहा. लागूनच पावनगड आहे, तिथे शंभरातला एकही पाहुणा फिरकत नाही. मसाई पठार जवळ आहे. पावसाळा सरता सरता जांभ्या दगडावर सोनकी आणि सीतेची आसवं फुलतात. मात्र तिथे गाडी घालू नये, चालतच फिरावं. पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालाय, तरी चाकांच्या खुणा अजून दिसतात. जवळच पांडवदऱ्याची लेणी आहेत. जोतिबाला पहाटे निघून जाता येतं. सकाळी निघून पावनखिंड, विशाळगड आणि आंबा घाट पाहून रात्री जेवायला परतता येतं. वेढ्यातून निसटून महाराज ज्या वाटेने भर पावसात रात्रीतून गेले, तिचा थोडा तरी भाग पायी चालल्याशिवाय बाजीप्रभूंच्या पुतळ्यापुढे काढलेल्या फोटोला काही अर्थ येत नाही, असं मला मनापासून वाटतं.

मुक्काम वाढवायचा म्हणजे गडावर मजल्यांवर मजले चढवायचे, असा अर्थ कुणी काढू नये. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसोबत पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हापासून आपल्या घराची दुरुस्तीही अडेल की काय, ही गडावरच्या माणसांची भीती आहे. ती भीती खोटी म्हणून झटकू नये. काय चालेल आणि काय चालणार नाही हे त्यांना स्वच्छ मराठीत लिहून द्यावं. नव्या खोल्या खालच्या गावांत व्हाव्यात. शिवा काशिदांचं नेबापूर आहे, आपटी आहे, बुधवार पेठ आहे. सरकारची निवास-न्याहारी योजना कागदावर आहेच, ती या गावांतल्या बायकांच्या बचतगटांपर्यंत पोचवली पाहिजे. सुट्टीच्या दिवशी गाड्या पायथ्याला थांबवून वर छोट्या बस चालवाव्यात. हे अशक्य नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे पाहुण्याची गाडी जात नाही, तरी माथेरान ओस पडलेलं नाही. कासला फुलांच्या हंगामात रोजच्या माणसांची संख्या बांधून दिलेली आहे आणि व्यवस्था भोवतालच्या गावांच्या हाती आहे.

नगरपरिषद, वनखातं आणि पुरातत्त्व खातं यांनी एकत्र बसून येत्या पावसाळ्याआधी हे ठरवावं. आणि वाचकहो, तुम्ही त्यांच्यासाठी थांबू नका. पुढच्या वेळी शुक्रवारी रात्री या, खालच्या एखाद्या गावात उतरा, गाडीची किल्ली खिशात ठेवा आणि रविवारी दुपारी जेवूनच निघा.