रांधणारीचे पान

कार्तिक सरत आला की उज्जैनला सकाळच्या प्रहरी शाल पांघरावीशी वाटू लागते. सोयाबीन मंडीत जाऊन पोचलेले असते, काळ्या रानात गव्हाची पेरणी उरकत आलेली असते, शिप्रेच्या काठी कार्तिक मेळा भरलेला असतो आणि गराडू नावाच्या कंदाच्या तळलेल्या फोडी लिंबू-मसाला लावून हातगाड्यांवर मिळू लागतात. सणांची दगदग संपलेली आणि नाताळची अजून सुरू न झालेली, असा हा मधला निवांत काळ. रोमन विधीच्या कालगणनेप्रमाणे उपासनावर्षही ह्याच सुमारास संपते. १९२५ साली अकरावे पायस ह्यांनी स्थापन केलेला ख्रिस्तराजाचा सण १९७० पासून वर्षाच्या अखेरच्या रविवारी पाळला जातो, आणि त्यानंतर आगमनकाळ लागतो. वर्षभराच्या उपकारांचा हिशेब मांडण्यास ह्याहून उचित समय कोणता?

अमेरिकेत ह्याच दिवसांत, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, उपकारस्मरणाचा दिवस पाळतात. तेथे स्थायिक झालेल्या आमच्या एका पुतणीचा गेल्या वर्षी त्या गुरुवारच्या आधीच्या शनिवारी दूरध्वनी आला. तिच्या घरी दोन दिवस स्वयंपाकाचीच धांदल चालली होती. टर्की नावाचा तो मोठा पक्षी गोठविलेल्या स्थितीत मिळतो, आणि शीतकपाटात तो सैल व्हावयासच तीन-चार दिवस लागतात. त्याच्या पोटात भरण्यासाठी पावाचे तुकडे वाळत घातले होते, आंबट लाल फळांची चटणी करून ठेविली होती, भोपळ्याच्या गोड पदार्थासाठी पीठ मळून ठेविले होते. आम्ही सहज म्हटले, “अग, गुरुवार अजून लांब आहे, आतापासून एवढी घाई कशाला?” ती म्हणाली, “काका, गुरुवारी सगळे जेवायला बसतील ना, तेव्हा मला उठावे लागू नये म्हणून.”

आम्ही हसलो. दूरध्वनी ठेविला. परंतु ते वाक्य मनातून जाईना.

त्या दिवसाचा इतिहास वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. १६२० साली इंग्लंडहून निघालेल्या जहाजातून १०२ प्रवासी अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांपैकी जवळजवळ निम्मे मरण पावले. जे उरले, त्यांना मका लावण्यास तेथील मूळ रहिवाशांनी शिकविले. १६२१ च्या शरद ऋतूत पीक हाती आले, तेव्हा प्लिमथ येथे तीन दिवस मेजवानी झाली. वाम्पानोआग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट हा सुमारे नव्वद माणसे घेऊन आला, आणि त्यांनी पाच हरणे आणून दिली. (त्या यजमानांच्या वंशजांनी पुढे आपली भूमी गमाविली, आणि १९७० पासून त्यांच्यापैकी अनेकजण तो दिवस शोकदिन म्हणून पाळतात, हेही विसरता येत नाही.) ह्या मेजवानीचे वर्णन एडवर्ड विन्स्लो ह्याच्या पत्रात आहे. पक्षी मारून आणण्यास चार पुरुष धाडले होते, हे त्याने आवर्जून लिहिले आहे. त्या वसाहतीत तेव्हा विवाहित स्त्रिया चारच जिवंत उरल्या होत्या. मुलींच्या व चाकरांच्या मदतीने जवळजवळ दीडशे माणसांचे रांधणे बहुतांशी त्यांच्याच माथी आले असले पाहिजे. त्या चौघींविषयी पत्रात एक अक्षर नाही.

शिकाऱ्यांची नोंद झाली, रांधणाऱ्यांची राहून गेली. परंतु ह्याबद्दल दूरदेशीच्या लोकांना नावे ठेवण्याचा आम्हांस काय अधिकार?

आमच्या मातोश्रींना आम्ही पंगतीत बसलेल्या कधी पाहिलेच नाही. “तुम्ही बसा, मी मागाहून बसते,” हे त्यांचे वाक्य आमच्या घरातील घड्याळाच्या टोल्यासारखे रोज दोन वेळा ऐकू येई. शाळेत असताना एका दुपारी पाणी प्यावयास आम्ही स्वयंपाकघरात गेलो. त्या पाटावर बसून एक करपलेली पोळी ताकात कुस्करून खात होत्या. “आई, भाजी संपली?” आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “मला आज भाजी नकोच होती.” ह्या उत्तराचा अर्थ उमगण्यास आम्हांला तीस वर्षे लागली, आणि तो उमगला तेव्हा त्या ह्या जगात नव्हत्या.

आमचे घर काही क्रूर नव्हते. जेवणापूर्वीची प्रार्थना आमच्याकडे कधी चुकली नाही. अन्नाबद्दल आम्ही देवाचे आभार मानीत असू, शेतकऱ्यासाठी आशीर्वाद मागत असू, उपाशी लोकांची आठवण करीत असू. आणि ते अन्न ज्या हातांनी शिजविले, ते हात त्या वेळी भिंतीपलीकडे तव्यावरची पोळी उलटीत असत.

ही केवळ एका घरची कहाणी असती तर येथे लिहिली नसती. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, सर्व दोष पंगतीच्या क्रमावर टाकणे योग्य होणार नाही. तथापि, जी सर्वांच्या मागून जेवते तिच्या वाट्यास पातेल्याचा तळ येतो, हे समजण्यास पाहणीची गरज नाही. डाळीतील दाट भाग आधी संपतो, भाजीतील फोडी आधी संपतात, आणि उरते ते पाणी व “मला नकोच होते” हे वाक्य.

असे का होते, ह्याचा विचार करता आम्हांस एक साधे कारण दिसले. आपले अन्नच असे आहे की ते तव्यावरून थेट पानात पडावे. फुगलेला फुलका, तुपाची धार घेणारी पुरणपोळी, कढईतून काढलेली पुरी, ह्यांची गोडी त्यांच्या ऊनपणात. आमच्या शेजारच्या केरळी घरातील अप्पमही ह्याच जातीचा. ह्या धर्मप्रांतात केरळातून आलेली कुटुंबे पुष्कळ, आणि आमच्यासारखी मराठी माणसे शिंद्यांच्या राजवटीपासून ह्या नगरीत राहत आलेली. भाषा दोन, परंतु दोन्ही घरांतील गृहिणी चुलीपाशीच उभी. ऊन ऊन वाढण्यात तिची माया असते, हे आम्ही जाणतो. त्या मायेला नावे ठेवण्याचे पाप आमच्या हातून न घडो. परंतु आपली माया वाढून देणारीने स्वतः कायम निवलेले खावे, ही त्या मायेची अट नव्हे. ती आपली सवय आहे.

हे सर्व मनात घोळत असता आमच्या ध्यानात आले की, ह्या अडचणीवर उतारा आमच्या माळव्यानेच शोधून ठेविला आहे. तो म्हणजे दाल-बाफला. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाचे रवाळ पीठ घेऊन त्यात थोडे मक्याचे पीठ मिसळावे (होय, तोच मका, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची जगाला देणगी). मीठ, ओवा, हळद आणि मूठ वळेल इतके तुपाचे मोहन घालून घट्ट मळावे. त्याचे गोळे उकळत्या पाण्यात सोडावेत. ते वर तरंगू लागले की आणखी काही वेळ शिजू देऊन काढावेत आणि फडक्यावर कोरडे होऊ द्यावेत. मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर अथवा भट्टीत, फिरवीत फिरवीत, तडे जाईपर्यंत भाजावेत. न उकळता नुसती भाजली ती बाटी, उकळून भाजला तो बाफला. फोडून तुपात बुडविला की तो घटकाभर मऊ व ऊन राहतो. तूरडाळ, लसणाची चटणी आणि बाफल्याच्याच चुऱ्याचे लाडू, एवढे झाले की पंगत सिद्ध. मुख्य गोष्ट ही की, सर्व पदार्थ जेवणाआधी तयार होतात. तव्यापाशी कोणी उभे राहावे लागत नाही.

मग त्याच शनिवारी सायंकाळी आम्ही घरच्या मंडळींपुढे हा बेत मांडला. त्या म्हणाल्या, “अहो, आज एकाएकी हे काय काढलेत?” परंतु नाही म्हणाल्या नाहीत. मुलाने पीठ मळले, ते पहिल्यांदा फार सैल झाले. मुलीने लसूण सोलला. गोळे उकळून झाकून ठेविले, लाडू वळून डब्यात भरले. रविवारी मिस्सेला जाण्यापूर्वी डाळ शिजवून ठेविली. परत आल्यावर गच्चीवर निखारे केले, आणि बाफले फिरविण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले. चार बाफले एका बाजूने काळे झाले, ते आमच्याच पानात पडले, हे न्याय्यच होते.

पाने मांडली. मुलीने मोजली, चार भरली. सर्वजण बसले, आमच्या पत्नीही बसल्या. प्रार्थना झाली. पहिला घास घेण्याआधीच त्या मिठासाठी उठू लागल्या. मुलगा म्हणाला, “आई, तू बस, मी आणतो.” पाण्यासाठी उठल्या, पुन्हा बसविले. तिसऱ्यांदा कशासाठी उठत होत्या ते त्यांनाही सांगता येईना. पंचवीस वर्षांची सवय एका दुपारी जात नाही. शेवटी त्यांनी बाफला फोडला, त्यावर डाळ घेतली, घास तोंडात घातला आणि क्षणभर थांबल्या. आम्हांस वाटले, तिखट लागले असेल. त्या हळूच म्हणाल्या, “आपली डाळ इतकी ऊन मी कधी खाल्लीच नव्हती.”

कोणी काही बोलले नाही. आमच्या डोळ्यांपुढे तो पाट, ते ताक आणि ती करपलेली पोळी उभी राहिली.

वाचकहो, शुभवर्तमानात मार्थेची कथा आपण अनेकदा ऐकतो. प्रभूने तिच्या स्वयंपाकास कमी लेखले नाही. तिच्या जिवाची जी ओढाताण चालली होती, तिच्यावर त्याने बोट ठेविले. परंतु ही कथा ऐकून आपण मार्थेला उपदेश करतो, तिच्या हातातील पळी मात्र घेत नाही. त्याच संत लूकने आणखी एक दृष्टान्त नोंदविला आहे. त्यात धनी घरी परतल्यावर जागत राहिलेल्या सेवकांना पंगतीस बसवितो आणि स्वतः कंबर कसून त्यांना वाढतो. आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराकाठी, रात्रभर राबून आलेल्या शिष्यांसाठी निखारे फुलवून मासळी व भाकरी कोणी तयार ठेविली होती? ज्याला आपण ह्या दिवसांत राजा म्हणून वंदन करतो, त्यानेच. मिस्साबलिदानाला ‘युखारिस्त’ हे जे ग्रीक नाव आहे, त्याचा अर्थच मुळी उपकारस्मरण असा आहे. त्या मेजावर यजमान स्वतःलाच वाढतो. तेथून उठून घरी आल्यावर आपल्या पंगतीत एक पान रोज रिकामे राहत असेल, तर आपले उपकारस्मरण अर्धेच झाले असे समजावे.

कोणी म्हणतील, रोज दाल-बाफला कसा करावा? तो करू नये, एवढे तूप आमच्या वयास सोसणारही नाही. रोजच्या पोळ्या आधी करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. त्या किंचित निवल्या तरी बिघडत नाही. किंवा शेवटच्या पोळ्या घरातील दुसऱ्या कोणी भाजाव्यात. काही घरांतून पुरुष रांधतात, काही घरांतून पगारी बाई येते. त्यांच्याही पानात डाळीचा दाट भाग पडतो की नाही, हे घरच्यांनी पाहिले पाहिजे. आणि ज्या घरी वृद्ध माता “मला भूकच नाही” असे वारंवार म्हणते, त्या घरी तिच्या शब्दांवर फार विश्वास ठेवू नये.

आमच्या घरी त्या रविवारपासून एक नियम झाला आहे. तो रोज पाळला जातो असे म्हटले तर ते असत्य होईल, परंतु मोडला गेला की आता सर्वांच्या लक्षात येते. नियम असा की, जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणण्याआधी पाने मोजावयाची, आणि माणसे मोजावयाची. दोन्ही आकडे जुळेपर्यंत क्रूसाची खूण करावयाची नाही. आगमनकाळ जवळ आला आहे. येणाऱ्या पाहुण्यासाठी घर झाडून ठेवण्याचे हे दिवस. त्यांचा आरंभ आपण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून करावा आणि आत उभी असलेल्या त्या माउलीला आपण होऊन म्हणावे, “तू बस, आज आम्ही वाढतो.”