कानानें शोधलेलें कुळ

फ्रेंच आडनांवाच्या आरंभीं ‘ओ’ ऐकूं आला कीं तें आयरिश ठरवून मोकळें होण्याची टूम आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ‘ओब्री’ हेंच नांव घ्या. फ्रान्समध्यें तें आल्बेरिक ह्या जुन्या जर्मानिक नांवापासून आलें. आयर्लंडशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. परंतु कॅनडांतील एका ओब्री घराण्याचा मूळ पुरुष खरोखरीच आयरिश होता! १६७० सालीं क्वेबेक येथें त्याचें लग्न झालें. फ्रेंच लेखणीनें त्याच्या ‘ओब्रेनन’चें ‘ओब्रनाँ’ केलें, व पुढें त्याचेंच ओब्री झालें. आतां कान काय निवाडा देणार? दोन्ही ओब्री सारखेच वाजतात. निवाडा दिला तो लग्नाच्या नोंदीनें. तींत वराच्या आयरिश आईबापांचीं नांवें आहेत.

वांदिवाशच्या लढाईंत (१७६०) हरलेला लाली आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्याचें ‘तोलांदाल’ हें उपपद कानास अस्सल फ्रेंच लागतें. पण तें गॉलवे परगण्यांतील वडिलार्जित ठिकाणाचें नांव, आणि लाली म्हणजे मूळचा ओ मुलाली. येथें ‘ओ’ गळाला, तरी कुळ आयरिशच!

१६९१ च्या लिमरिकच्या तहानंतर हजारों आयरिश शिपाई फ्रान्सला गेले, हें खरें. म्हणून काय फ्रान्सांतील प्रत्येक ‘ओ’कार त्यांच्या पदरांत घालावयाचा? आमच्या प्रतिपक्षानें एका तरी ‘ओजिए’ घराण्याची क्वेबेकसारखी नोंद दाखवावी; मग ‘जिए’ नांवाचा आयरिश पूर्वज आम्हीही आनंदानें पतकरूं.