नवें डोकें, जुनें धड

आमच्या सदाशिव पेठेंतील घरीं माणसें अकरा व संगणक एक. २०१९ सालीं नातवाच्या हट्टासाठीं, खेळांकरितां म्हणून, बेताच्या पैशांत तो जोडून घेतला. पुढें सूनबाईंचे हिशेब, पुतणीचे नकाशे व माझें पंचांग हीं सर्व त्याच्याच माथीं आलीं. अलीकडे तो अडखळूं लागला. नवा खेळ लावला कीं चित्र क्षणभर थिजावें, मग एकदम धांवावें. ‘आबा, प्रोसेसर बदलला पाहिजे,’ असें नातू म्हणाला. मीं नेहमींप्रमाणें अभ्यासाची चौकशी केली आणि विषय तेथेंच संपविला. ही माझी चूक.

मुलानें खाऊचे पैसे सांठविले होते. मला न विचारतां त्यानें एका अनोळखी इसमाकडून वापरलेला प्रोसेसर विकत आणला: इंटेलचा सातव्या पिढीचा ‘आय-सेव्हन ७७००’. आमच्या यंत्रांत नवव्या पिढीचा ‘आय-थ्री ९१०० एफ’. दोहोंच्या सॉकेटचें नांव एकच, ‘एलजीए ११५१’, संपर्कबिंदूही तितकेच. नवा प्रोसेसर खाचेंत नीट बसला. यंत्र मात्र डोळे उघडीना. विकणारानें हात वर केले. दोन दिवस मुलगा धड जेवला नाहीं, आणि कारण आजीखेरीज कोणास सांगितलें नाहीं. गजाननाच्या धडावर परकें मस्तक बसलें खरें, पण तेथें बसविणारे साक्षात् शंकर होते!

यांतील मेख अशी. सहाव्या व सातव्या पिढीचे प्रोसेसर १०० व २०० मालिकेच्या मदरबोर्डांसाठीं केलेले. २०१७ सालीं आठवी पिढी आली, तेव्हां इंटेलनें बिंदूंची संख्या तीच ठेवून त्यांपैकीं कांहींचीं कामें बदललीं, व ३०० मालिकेचे बोर्ड निराळे काढले. आमचा बोर्ड ‘एच ३१०’, म्हणजे या नव्या घराण्यांतला. संस्कृत शिकलेल्या वाचकांस हें चटकन् उमगेल. ‘फलम्’ हें प्रथमेचें कीं द्वितीयेचें, हें नुसतें रूप पाहून कळत नाहीं. वाक्य पाहावें लागतें. येथें वाक्य म्हणजे बोर्डाची पुस्तिका.

ती पुस्तिका व भिंग घेऊन आम्ही दोघे बसलों. पहिला प्रश्न असा कीं, दोष खरोखर प्रोसेसरचाच आहे काय? याची परीक्षा घरच्या घरीं होते. खेळ चालू असतां प्रोसेसरचा वापर १०० टक्क्यांना टेकला, ग्राफिक्स कार्ड अर्धें रिकामें राहिलें, आणि चित्राचें रिझोल्यूशन उतरवूनही गति वाढली नाहीं, तर दोष प्रोसेसरचा. उलट कार्डच १०० वर असेल, तर प्रोसेसरवर घातलेला रुपया पाण्यांत. आमच्या यंत्राचा दोष पहिल्या जातीचा निघाला. ९१०० एफ मध्यें कोअर चार आणि थ्रेडही चारच. आजच्या खेळांना तेवढे हात पुरत नाहींत. (याच पुण्यांत सी-डॅकनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तोही एका बलाढ्य प्रोसेसरवर नव्हे, तर अनेक ट्रान्सप्यूटरांना काम वांटून देऊन.)

जुन्या बोर्डावर चालणारा नवव्या पिढीचाच मोठा प्रोसेसर शोधतां आला असता. पण तोही वापरलेलाच घ्यावा लागता, आणि दुधानें तोंड पोळल्यावर नातवाला तें ताकही नको होतें. तेव्हां बोर्डासकट बदल करण्याचें ठरलें. येथें रॅमचा विचार आधीं करावा. एएमडीच्या ‘एएम-५’ सॉकेटच्या बोर्डांना डीडीआर-५ रॅमच लागते. म्हणजे घरची चांगली डीडीआर-४ अडगळींत जाते. इंटेलच्या ‘एच ६१०’ चिपसेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघाले आहेत. त्यांतला डीडीआर-४ चा घेतला, व त्यावर बाराव्या पिढीचा ‘आय-थ्री १२१०० एफ’: कोअर चारच, पण थ्रेड आठ. त्याचा पंखा त्याच्याच खोक्यांत आला हें बरें झालें, कारण ११५१ चा जुना पंखा १७०० सॉकेटच्या भोकांशीं जुळत नाहीं. ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट सारें जुनेंच राहिलें. तपकीर गल्लींत दुकानदारापुढें नातवानें मालिका, सॉकेट, रॅम सगळें स्वतः विचारून घेतलें. पैसे मीं दिले. बोललों कांहीं नाहीं.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेंत नव्हती. ओईएम जातीचा विंडोजचा परवाना मदरबोर्डाशीं बांधलेला असतो; बोर्ड बदलला कीं तो उपयोगाचा राहत नाहीं. आमचा तसाच गेला. नवा सूनबाईंनीं घेतला, त्यांचे हिशेब अडले होते म्हणून.

जुना बोर्ड व ९१०० एफ माळ्यावर आहेत. ‘एफ’ म्हणजे त्यांत चित्र दाखविण्याची सोय नाहीं. वेगळें कार्ड मिळेपर्यंत ती जोडी मुकी. आय-सेव्हन माझ्या टेबलाच्या खणांत, टाकाच्या निबांच्या डबीशेजारीं ठेवला आहे. कोणा वाचकाच्या घरीं २०० मालिकेचा बोर्ड पडला असल्यास नातू तो निम्म्या किमतींत द्यावयास तयार आहे. मात्र आधीं बोर्डाची पुस्तिका आणून दाखवावी लागेल, असें त्याचें म्हणणें आहे.