मूकपटांतील एक क्षमा

प्रेमकथेचा चित्रपट म्हटला कीं आमच्या कपाळास आठ्या पडत. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांनीं १९२७ सालीं अमेरिकेंत काढलेला ‘सनराइज’ हा मूकपट पाहिल्यापासून तो ताठा उतरला आहे.

शहरांतील एका बाईच्या नादीं लागलेला शेतकरी स्वतःच्या पत्नीस बुडविण्याच्या बेतानें होडींत बसवितो. ती हात जोडते. त्याचा हात उठत नाहीं. किनारा लागतांच ती जीव घेऊन पळते, ट्रामगाडींत चढते, तो मागोमाग. उपाहारगृहांत तो तिच्यापुढें केक ठेवतो, पण तिला घास गिळवत नाहीं. पुढें दोघें एका चर्चमध्यें शिरतात. तेथें कोणा परक्यांचें लग्न चाललेलें. वधूस सर्व संकटांपासून जप, असें पाद्री वरास बजावतो; तें ऐकून हा ढसढसां रडतो आणि पत्नीच्या मांडीवर डोकें टेकतो. ती त्याला जवळ घेते.

‘जुन्या करारां’तील होशेय संदेष्टा बहकलेल्या पत्नीस परत घरीं आणतो, देवाचें प्रेम असेंच, असें ख्रिस्ती लोक मानतात. येथें देवाची ती जागा पत्नीकडे आली, हें आम्हांस विशेष वाटतें. मात्र घरोघरच्या पुरुषांनीं (आम्हीही त्यांतलेच) यावरून क्षमेवर हक्क सांगूं नये. ख्रिस्ती मतें ती कमाई नव्हे, कृपा होय. केक पुढें केला तेव्हां ती मिळाली नाहीं. मिळाली तेव्हां त्याच्या हातांत कांहींच नव्हतें.