नदीकाठचं गाव नुसतं मुक्कामाला नसतं



पुण्या-नगरचा पाहुणा आला की एक वाक्य ठरलेलं असतं, "किती शांत आहे हो तुमच्याकडं!" खरंय. शिरूर कासार तालुक्यात सिंदफणेच्या काठची बरीच गावं आता दिवसभर शांत असतात. मला मात्र दिवाळीनंतरची ही शांतता चांगली वाटत नाही. का ते लिहितो.

सकाळी आठ-नऊला तरणी पोरं मोटारसायकलवर शिरूरला नाहीतर बीडला निघतात. कुणी दुकानात, कुणी दवाखान्यात, कुणी फायनान्सच्या वसुलीवर. रात्री येतात, जेवतात, झोपतात. 17 सप्टेंबर 2025 ला बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, ती आपल्याच तालुक्यातून रायमोहा, विघनवाडीवरून जाते. गाड्या वाढल्या की अशी माणसं अजून वाढतील. त्यांना मी नावं ठेवत नाही. पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत राहण्यापेक्षा पोरगं आई-बापाजवळ झोपतंय, हे बरंच आहे. शेतीवर दर महिन्याला पगार येत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

दुसरी माणसं ऊसतोडीची. ती तर चार-पाच महिने मुक्कामालाही नसतात. 2025 मध्ये गाळप 1 नोव्हेंबरपासून होतं, म्हणजे दिवाळी झाली की गाड्या भरल्या. मग दिवसा गावात उरतात म्हातारी माणसं, हंगामी वसतिगृहातली लेकरं अन् दावणीची जनावरं.

माळावरच्या गावाचं यात एक वेळ निभेल. नदीकाठच्या गावाचं निभत नाही, कारण नदीची कामं दिवसाची असतात अन् ती नेमकी याच महिन्यांत येतात.

कोल्हापुरी बंधाऱ्याचंच बघा. पावसाळ्यात त्याची गेटं काढून ठेवायची, नाहीतर पूर बंधाऱ्याला वळसा घालून काठ तोडतो. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या मध्यापासून, पाणी वाहतंय तोवर, गेटं परत बसवायची. पंधरा दिवस उशीर झाला की वाहतं पाणी निघून गेलं. मग गहू-हरभऱ्याला अन् जानेवारीत विहिरीला पाणी कुठून येणार? हे खात्याचं काम आहे, मान्य. पण गेटं कुठं ठेवलीत, कुठलं वाकलंय, कुठल्या फटीतून पाणी चाललंय, हे रोज बघणारा माणूस गावचाच लागतो. त्याच वेळी कापूस वेचणीला आलेला असतो अन् माणसं निघून गेलेली असतात.

दुसरं काम 2025 च्या पुराचं. सप्टेंबर 2025 मध्ये सिंदफणेनं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. काठची माती गेली, वर गोटे अन् वाळू राहिली. आमच्याही काठाला तेच झालं. सरकारनं खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख अन् नरेगातून हेक्टरी 3 लाखापर्यंतचं काम जाहीर केलं. लोक रोख पैशाचीच चर्चा करतात. माझ्या मते मोठी रक्कम नरेगाची आहे, पण ती कामाच्या रूपात आहे. काम करायला दिवसा गावात माणूस नसेल तर ते 3 लाख कागदावरच राहतील.

आता हिशोब मांडतो. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 273 रुपये 10 पैशांवरून 34 टक्के वाढला, म्हणजे सुमारे 366 रुपये. नवरा-बायकोचा कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो असं धरलं तर 549 ते 732 रुपये होतात. नरेगाची मजुरी 2025-26 मध्ये 312 रुपये होती, दोघांचे 624. म्हणजे आकडा मधोमध बसतो. वाढ्याचे पैसे तिकडं वेगळे मिळतात, पण पहाटे चारची थंडी, रात्री गाडी भरणं, कोपीत लेकरं, हेही तिकडंच आहे.

मग माणूस का जातो? उचलीमुळं. मुकादम पैसे आधी देतो अन् नरेगाचे पैसे कधी येतील याचा भरवसा नसतो. कायद्यात काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम अन् हजेरीपत्रक बंद झाल्यापासून 15 दिवसांत मजुरी आहे. एवढं जरी पाळलं तरी प्रत्येक गावात काही कोयते थांबतील. सगळे थांबतील असं मी म्हणत नाही. गावात दहा जोड्या थांबल्या तरी काठ उभा राहतो.

काम कसं लावायचं तेही सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गोटे वेचणं, बांध घालणं, सपाटीकरण. गाळ तेव्हा मिळत नाही, धरणं भरलेली असतात. तो एप्रिल-मेमध्ये, तोवर तोडीवरची माणसंही परत येतात. जूनमध्ये पहिलं पीक म्हणून ताग किंवा धैंचा पेरा अन् फुलोऱ्याच्या आधी गाडा. लगेच कापूस लावून त्या जमिनीत खताचे पैसे घालू नका. काठाला बांबू अन् वाळा लावा. कृषी सहायकांना विनंती आहे, पंचनाम्याबरोबर या कामांची यादी पण गावात करून घ्या.

अन् काम तोंडी मागू नका. नमुना 4 भरून द्या, तारखेची पावती नमुना 5 मध्ये घ्या. पावती नसली की 15 दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. बंधाऱ्याच्या गेटांचा ठराव ग्रामसभेत घ्या. ग्रामसभा दिवसा ठेवली तर शहरात कामाला जाणारी पोरं येऊ शकत नाहीत, म्हणून ती रविवारी ठेवा. त्यांना मोबाईल, अर्ज, ऑनलाईन सगळं कळतं. मुक्कामाला येणारी ही पोरं रविवारचा अर्धा दिवस नदीला देऊ शकतात.

पाहुण्याला शांत गाव आवडतं, आवडू द्या. काठावर दिवसा टिकाव-खोऱ्याचा आवाज आला तर मला जास्त बरं वाटेल.

तुमच्या गावात यंदा बंधाऱ्याची गेटं कुणी बसवली अन् कधी, तेवढं लिहा.