दिवाळी झाल्यावर नको

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या जागृतीचा महिना. अमेरिकेत 1985 साली सुरू झालेली ही प्रथा आता जगभर पाळली जाते. आपल्याकडे बहुतेक वर्षी हेच दिवस नवरात्राचे, दसऱ्याचे आणि दिवाळीच्या साफसफाईचे असतात. या दिवसांत घरातल्या बाईचे स्वतःच्या दुखण्यावरचे उत्तर ठरलेले असते: ‘दिवाळी झाल्यावर बघू.’ अनेक दुखणी तेवढी थांबतातही. छातीच्या कातडीवर आलेला आणि दोन आठवड्यांत न गेलेला बदल मात्र थांबवून ठेवण्यासारखा नाही. यंदाच्या ऑक्टोबरात एवढी एकच गोष्ट घरोघरी पोचली, तरी मोठे काम होईल.

गाठीविषयी आता पुष्कळजणींना ठाऊक आहे, आणि गाठ हेच या आजाराचे सर्वांत नेहमीचे लक्षण आहे. पण त्यातून ‘गाठ नाही, म्हणजे काळजी नाही’ अशी एक समजूतही रुजली. ती घातक आहे. दाहक प्रकारच्या स्तनकर्करोगात अनेकदा हाताला गाठ लागतच नाही. एका बाजूचा स्तन काही आठवड्यांत जड, गरम आणि सुजलेला होतो. गोऱ्या अंगावर लाली दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर ती जांभळट किंवा नुसती काळसर वाटते आणि नजरेतून सुटते. त्वचेतल्या लसिकावाहिन्या कर्करोगाच्या पेशींनी तुंबतात, पाणी साचते, कातडी जाड होते आणि संत्र्याच्या सालीवर असतात तसे बारीक खळगे उमटतात. हा प्रकार विरळा, पण फार वेगाने वाढणारा. निदान होते तेव्हाच तो किमान तिसऱ्या टप्प्यात गेलेला असतो.

दिसायला तो जंतुसंसर्गासारखाच असतो, हीच खरी अडचण. अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तन लाल होऊन दुखू लागला, ताप आला, तर बहुधा तो संसर्गच असतो. तिने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. औषधाने काही दिवसांत उतार पडतो. प्रतिजैविकाचा कोर्स संपला आणि लाली, सूज तशीच राहिली, तर दुसरा कोर्स घेऊन वाट पाहू नये. तिथून पुढे सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि गरज वाटल्यास कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी, हाच रस्ता आहे.

दुसरा फसवा प्रकार स्तनाग्राचा. सर जेम्स पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने 1874 साली 15 स्त्रियांची हकिकत लिहून ठेवली. त्यांच्या स्तनाग्रावर इसबासारखे चट्टे होते आणि पुढे त्या सगळ्यांना स्तनाचा कर्करोग झाला. आज हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बोंडाला खाज, खपली, चीर, कधी रक्ताळलेला स्राव, आणि बहुधा हे सारे एकाच बाजूला. साधे इसब अनेकदा भोवतालच्या काळ्या वर्तुळावर सुरू होते. पॅजेटचा आजार बोंडावर सुरू होऊन बाहेर सरकतो. घरात हा फरक ओळखता येईलच असे नाही, आणि मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या खाजेच्या मलमाने तो आणखी झाकला जातो. त्यातले स्टेरॉइड लाली चार दिवस बसवते, बाईला वाटते बरे झाले. मग पुन्हा तेच मलम, आणि महिने निघून जातात. म्हणून डॉक्टरांनी मलम दिले, तर किती दिवसांत गुण यायला हवा, हे तिथेच विचारून घ्यावे. ती मुदत टळली की पुन्हा जावे आणि ‘बायोप्सी करायची का?’ असे स्पष्ट विचारावे.

खळी आरशात दिसते. कमरेवर हात दाबून उभे राहावे, मग दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. एरवी न दिसणारी ओढ तेव्हा कातडीवर उमटते. नव्याने पडलेली खळी, नव्याने आत वळलेले बोंड, न भरणारी जखम, यांपैकी काहीही दिसले तर दोन आठवडेसुद्धा थांबू नये. जन्मापासून बोंड आत असेल, तर ते निराळे. स्तनाखालच्या घडीत घामाने येणारे पुरळही बहुतेक वेळा बुरशीचेच असते; तेही दाखवावे, पण घाबरून जाऊ नये.

बाया का दाखवत नाहीत, हे आपल्याला नवे नाही. भारताला स्त्री डॉक्टर हव्यात, असे आनंदीबाई जोशी यांनी 1883 साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत सांगितले, त्यामागे हाच संकोच होता. आज स्त्री डॉक्टर पुष्कळ आहेत, तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे एकीचीसुद्धा स्तनतपासणी झालेली आढळली नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने वस्त्यांमधल्या दीड लाखांवर स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांच्यापैकी निम्म्या जणींना प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले होते. या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही; लागला तो शिकवलेला हात आणि बाईला बाईने तपासण्याची सोय.

सरकारी धोरणात तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी आहेच. ती कागदावरून खाली यायची, तर उपकेंद्रात प्रशिक्षित महिला कर्मचारी हवी आणि दाराला कडी व खिडकीला पडदा असलेली एक खोली हवी. गावोगावी ग्रामसभेआधी महिला सभा होते. तिथे ही मागणी मांडता येते आणि ठरावात लिहून घेता येते.