आदेशाची वाट पाहू नका

२०१८ सालचं लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास, उत्तर कॅलिफोर्नियात ब्यूट काउंटीतल्या पुल्गा वस्तीजवळ विजेच्या मनोऱ्यावरचा एक झिजलेला लोखंडी आकडा तुटला आणि उच्च दाबाची तार सुटली. तो आकडा जवळजवळ शंभर वर्षं जुना होता. त्यातून पेटलेल्या ‘कॅम्प फायर’ने पॅरडाइज हे सुमारे २६ हजार वस्तीचं गाव एका दिवसात बेचिराख केलं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती जळाल्या. भाऊबीजेला आपण राहतो त्या बे एरियावर धुराचं मळभ होतं. पुढच्या आठवड्यात हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक २०० च्या वर गेला आणि १६ नोव्हेंबरला इथल्या बहुतेक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आग अडीचशे किलोमीटरच्या आसपास दूर होती, तरी लोक मास्क लावून फिरत होते.

सण आणि आग यांची ही गाठ एकदाच पडली असं नाही. २०१७ मध्ये कोजागरीनंतर तीन दिवसांनी, ८ ऑक्टोबरच्या रात्री, ‘टब्ज फायर’ लागली आणि सॅंटा रोझा शहरात शिरली. २०१९ मध्ये लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सोनोमा काउंटीतली गावंच्या गावं ‘किंकेड फायर’मुळे रिकामी केली जात होती आणि खबरदारी म्हणून उत्तर कॅलिफोर्नियातल्या लाखो घरांची वीज तोडली होती. २०२० मध्ये गणेशचतुर्थीच्या आठवडाभर आधी कोरड्या विजांनी काही दिवसांत शेकडो वणवे पेटवले. सॅन होजेच्या पूर्वेचे डोंगर आणि सॅंटा क्रूझचं रेडवूडचं जंगल एकाच वेळी जळत होतं. याचं कारण सरळ आहे. इथे उन्हाळाभर पाऊस नसतो, त्यामुळे गवत आणि झुडपं सर्वांत कोरडी असतात ती उन्हाळ्याच्या अखेरीला. शरद ऋतूत आतल्या कोरड्या प्रदेशातून समुद्राकडे ‘डायब्लो’ वारे सुटतात, तोवर पहिला पाऊस झालेला नसतो. आपले गणपती, नवरात्र आणि दिवाळी नेमकी याच काळात येतात. सहा महिन्यांच्या मुदतीवर आलेल्या आई-बाबांना किंवा सासू-सासऱ्यांना आपण ‘निदान दिवाळीपर्यंत थांबा’ असा आग्रह करतो, तोही याच काळासाठी. म्हणजे वर्षातल्या सर्वांत धोक्याच्या आठवड्यांत आपल्या घरांत सर्वांत जास्त वयस्क माणसं असतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की ज्या घरात पाहुणे म्हणून आलेले वडीलधारे आहेत, त्या घराने स्थलांतराच्या आदेशाची वाट पाहू नये. ‘वॉर्निंग’ आली की निघावं. हा निर्णय वणव्याच्या दिवशी घ्यायचा नाही, आधीच घेऊन ठेवायचा. कॅलिफोर्नियात दोन पायऱ्या आहेत. ‘इव्हॅक्युएशन वॉर्निंग’ म्हणजे धोका येऊ शकतो, तयार राहा. ‘इव्हॅक्युएशन ऑर्डर’ म्हणजे जिवाला धोका आहे, ताबडतोब निघा. बहुतेकांच्या डोक्यात एवढंच असतं. पण वॉर्निंगच्या अधिकृत व्याख्येत पुढे असंही आहे, की ज्यांना निघायला जास्त वेळ लागतो त्यांनी आणि ज्यांच्याकडे पाळीव जनावरं आहेत त्यांनी आत्ताच निघावं. गुडघेदुखीमुळे जिना सावकाश उतरणारी आई, गाडी न चालवणारे वडील, औषधांची पिशवी आणि तान्हं मूल ज्या घरात आहे, ते घर या वाक्यात बसतंच.

लवकर निघण्याने काय फरक पडतो याचा पुरावा एकाच काउंटीत मिळतो. २०१७ मध्ये टब्ज फायर कॅलिस्टोगाजवळ रात्री पावणेदहाच्या सुमारास लागली आणि मध्यरात्रीनंतर काही तासांतच सॅंटा रोझात होती. सहापदरी १०१ हायवे ओलांडून तिने कॉफी पार्क ही सपाटीवरची वस्ती भस्मसात केली. सरसकट सगळ्या मोबाइलवर इशारा पाठवला तर घबराट उडेल आणि रस्ते तुंबतील या भीतीने सोनोमा काउंटीने तो पाठवलाच नव्हता. राज्य सरकारच्या आढाव्यात यावर कडक टीका झाली. त्या एका आगीत २२ माणसं गेली. दोन वर्षांनी त्याच काउंटीत किंकेड फायर लागली, वारा आणखी जोराचा होता. या वेळी काउंटीने मोठा वारा सुटण्याआधीच लोकांना बाहेर काढायला सुरुवात केली आणि एकूण जवळपास दोन लाख लोक हलवले. ३७४ इमारती गेल्या, पण एकही माणूस दगावला नाही. रिकाम्या झालेल्या विंडसर गावात अग्निशामक दलाला माणसं शोधत फिरावं लागलं नाही, पूर्ण ताकद घरं वाचवण्यावर लावता आली आणि गाव वाचलं. लवकर निघाल्याने घर वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं, पण विंडसरमध्ये गाव वाचलं ते माणसं निघून गेल्यामुळेच.

आदेशच वेळेवर येईल असं धरून चालणं किती महागात पडतं, ते जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडिनात दिसलं. ईटन फायर संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास लागली. पूर्व अल्टाडिनाला तासाभरात आदेश मिळाले. लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पश्चिमेकडच्या भागात आदेश पोचला तो पहाटे तीननंतर, तोपर्यंत तिथली घरं पेटलेली होती. या आगीतले जवळजवळ सगळे मृत्यू याच पश्चिम भागातले आहेत, आणि त्यात म्हातारी व अपंग माणसं जास्त. अधिकाऱ्यांनी हलगर्जीपणा केला की नाही हा वेगळा आणि महत्त्वाचा वाद आहे, त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण कितीही चांगली यंत्रणा उभारली तरी एक अडचण उरतेच. वाऱ्यावर चढलेली आग सलग भिंतीसारखी चालत येत नाही. जळती सालं, पानं, छपरांचे तुकडे दीड-दोन किलोमीटर पुढे उडून पडतात आणि नव्या ठिकाणी आग धरते. पॅरडाइजने विभागवार गाव रिकामं करण्याची योजना आखली होती, सरावही केला होता. त्या सकाळी एकाच वेळी अनेक विभागांत ठिणग्या पडल्या, सगळं गाव एकदम रस्त्यावर आलं आणि योजना कोलमडली. कोणत्या गल्लीत आग कधी पोचेल हे नकाशासमोर बसलेल्या माणसाला तुमच्यापेक्षा फार आधी कळेलच असं नाही.

वडीलधाऱ्यांचा प्रश्न यापुढचा आहे, आणि आपल्याकडे त्याचा विचार सर्वांत कमी होतो. पॅरडाइजमधल्या मृतांत बहुसंख्य ६५ च्या वरचे होते. आपल्या आई-बाबांपुढे त्याशिवाय आणखी अडचणी आहेत. काउंटीच्या इशाऱ्यांसाठी नाव नोंदवावं लागतं, त्यांचं नाव कुठेच नसतं. फोन बहुधा भारतातला आणि घरच्या वायफायवर चालणारा, वीज गेली की तोही मुका. इशारे येतात ते मुख्यतः इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. शिवाय त्यांचा आयुष्यभराचा अनुभव उलट सांगतो. सह्याद्रीतला वणवा त्यांनी पाहिलेला असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरावर रात्री दिसणारी, गवत खात जाणारी लाल रेघ. ती सिमेंटच्या स्लॅबच्या घरापर्यंत क्वचितच येते. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईत ऑफिसात किंवा ओळखीच्या घरी थांबले ते सुखरूप राहिले आणि गाडी घेऊन निघालेल्यांपैकी काहींचा बंद गाडीतच जीव गेला, हेही त्यांना ठाऊक असतं. ‘आहे तिथेच थांबा, दारं-खिडक्या लावून घ्या’ हा तिथला शहाणपणा पूर्णपणे खरा आहे. पण लाकडी सांगाड्याच्या, पोटमाळ्याच्या झरोक्यांतून ठिणग्या आत ओढून घेणाऱ्या इथल्या घरात तो जिवावर बेततो. आपण दुपारी ऑफिसात असताना ते घरी नातवंडासोबत एकटे असतील, तर निर्णय त्यांनाच घ्यावा लागेल, आणि तो त्यांच्या अनुभवाच्या विरुद्ध असेल.

एका साध्या वस्तूवरून हे नीट कळेल. गॅरेजचं दार विजेवर उघडतं. वीज गेली की छताखालच्या रुळावरून लोंबणारी, लाल मूठ असलेली दोरी खाली ओढायची, मोटारीची पकड सुटली की दोन्ही हातांनी दार वर उचलायचं. २०१७ च्या आगींत काही वृद्ध माणसं गाडी असूनही गॅरेजमध्ये अडकून मेली, कारण दार उघडलंच नाही. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि जुलै २०१९ पासून बसवल्या जाणाऱ्या यंत्रांना बॅटरी सक्तीची झाली. जुन्या घरांतली बरीच यंत्रं अजून बॅटरीशिवाय आहेत. ही दोरी आई-बाबांना दाखवली आहे का, दार त्यांना पेलतं का, आणि पेलत नसेल तर त्या दिवशी गाडी बाहेर ड्राइव्हवेवर, तोंड रस्त्याकडे करून उभी असेल का, हे आधी ठरवायचे प्रश्न आहेत.

याला आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. इशारे चुकतात, हा पहिला. ९ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिस काउंटीतल्या जवळपास एक कोटी लोकांच्या फोनवर चुकीचा इशारा गेला होता. दोनदा फुकट निघावं लागलं तर तिसऱ्यांदा कोण निघेल? पण फुकट निघण्याची किंमत म्हणजे एक रात्र दुसऱ्याच्या घरी झोपणं. न निघण्याची किंमत मोजून परत मिळवता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळेच आधी निघाले तर रस्ते तुंबतील आणि खरोखर धोक्यात असलेले अडकतील. हे खरं आहे, म्हणूनच आपल्या विभागाला वॉर्निंग नसताना केवळ धूर दिसला म्हणून निघू नये, आणि दोन गाड्या असल्या तरी एकच काढावी. पण वॉर्निंग दिलेल्या भागातून लवकर निघणारा गर्दी वाढवत नाही, तो पुढच्या दोन तासांची गर्दी कमी करतो. २०२१ च्या ३० ऑगस्टला कॅल्डोर फायरमुळे साउथ लेक टाहो रिकामं झालं, तेव्हा हायवे ५० वर गाड्या तासन्‌तास खोळंबल्या, पण आग अजून मागे होती आणि ती रांग सुखरूप बाहेर पडली. पॅरडाइजमधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना ज्वाळा होत्या.

तिसरा आक्षेप घर वाचवण्याचा. थांबून पाण्याचा पाइप हातात धरला तर घर वाचेल, असं म्हणणारे भेटतात. ऑस्ट्रेलियात हे धोरणच होतं. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटरडे’ला व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली, त्यातली बरीच घरांच्या आत, आणि त्यानंतर त्यांनाही ते धोरण बदलावं लागलं. घर वाचतं ते आधीच्या महिन्यांत केलेल्या कामाने: छपराच्या पन्हळींतला पाचोळा काढणं, भिंतीलगतच्या पाच फुटांत पेटेल असं काही न ठेवणं, झरोक्यांना बारीक जाळी लावणं. आणि ‘आम्ही शहरात राहतो, डोंगर लांब आहे’ म्हणणाऱ्यांनी कॉफी पार्क आठवावं. तो भाग आगीच्या अतिधोक्याच्या नकाशात नव्हताच.

सर्वांत खरी अडचण पैशांची आहे. घराचा विमा बाहेर राहण्याचा खर्च साधारणपणे आदेश निघाल्यावरच देतो, वॉर्निंगवर निघालात तर हॉटेलचं बिल तुमचं. त्यात २०२३ च्या सुमारास काही मोठ्या कंपन्यांनी कॅलिफोर्नियात नव्या पॉलिसी देणं थांबवलं, जुन्यांचं नूतनीकरण नाकारलं. भाड्याने राहणारं तरुण कुटुंब आणि एकाच पगारावर चालणारं घर यांना चार रात्री हॉटेल परवडत नाही, आणि म्हणूनच ते थांबतात. इथे बे एरियातलं आपलं मराठी मंडळ कामाला येऊ शकतं. आपली घरं फ्रीमाँट, सॅन रॅमॉन, कूपर्टिनो, सॅन होजे, सॅंटा रोझा अशी वेगवेगळ्या खोऱ्यांत विखुरलेली आहेत, एकच वारा सगळ्यांना एकदम गाठेल अशी शक्यता कमी. दोन खोऱ्यांतल्या दोन कुटुंबांची जोडी आधीच ठरलेली असेल, तर निघायला ना हॉटेल लागतं, ना संकोच आड येतो. आणि परक्या निवाऱ्यात कॅम्पच्या खाटेवर झोपायला तयार नसलेली आजी मराठी घरात वरण-भात खाऊन झोपेल, म्हणजे निघायलाही लवकर तयार होईल.

सहलींनाही हेच लागू आहे. पाहुण्यांना योसेमिटी आणि टाहो दाखवायचं असतंच, आणि ते बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये जमतं. पण २०१८ मध्ये फर्ग्युसन फायरमुळे योसेमिटी व्हॅली २५ जुलैपासून जवळपास तीन आठवडे बंद होती आणि २०२१ मध्ये ऑगस्टअखेर कॅलिफोर्नियातली राष्ट्रीय वनं पर्यटकांसाठी बंद केली गेली. शक्य असेल तर डोंगरातली सहल मे-जूनमध्ये उरकावी, किनारा ऑगस्टनंतर ठेवावा, आणि आगीच्या दिवसांत पैसे परत मिळतील असंच बुकिंग करावं. आई-बाबांना घरी ठेवून आपण दोन दिवस बाहेर जाणार असू, तर रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे आग भडकवणाऱ्या हवामानाचा इशारा, असताना जाऊ नये, किंवा त्यांना दुसऱ्या घरी सोडून जावं. त्यांचे पासपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि विम्याची कागदं कपाटात कुलुपात न ठेवता दाराजवळच्या पिशवीत असावीत. पासपोर्ट जळाला तर परतीचं तिकीट हातात असूनही दूतावासाच्या चकरा सुरू होतात.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की यंदा गणेशोत्सवाच्या नोंदणी अर्जात तीन प्रश्न वाढवा: घरात साठीच्या वरचे पाहुणे आहेत का, दिवसा घरी गाडी चालवणारं कोणी असतं का, आणि संकटात तुम्ही एका कुटुंबाला ठेवून घ्याल का. या उत्तरांवरून सप्टेंबरच्या आत जोड्या लावता येतील. आणि वाचकांनी मंडळाची वाट न पाहता या शनिवारी आई-बाबांच्या नावाने काउंटीच्या इशाऱ्यांसाठी नोंदणी करावी, त्यांच्या फोनमध्ये इथलं सिम घालावं, आणि त्यांना गॅरेजमधली ती लाल दोरी स्वतः ओढून पाहू द्यावी.